एका ब्रेडच्या तीन आठवणी : उत्तर नेव्हाडाच्या मेंढपाळी ब्रेडचे प्रकरण

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातल्या आमच्या रीनो शहरातल्या वस्तीत आम्ही पाच जणी महिन्यातल्या एका शनिवारी एकमेकींच्या स्वयंपाकघरात जमतो. एकीने लहानपणी पोटभर खाल्लेला एखादा पदार्थ रांधायचा आणि तो जिथे खाल्ला त्या जागेची हकीकत सांगायची, एवढाच आमचा नेम आहे. पाचांपैकी तिघी उत्तर नेव्हाडाच्या रँचच्या, म्हणजे गुरे-मेंढ्यांच्या मोठ्या मळ्यांच्या, मुलुखात वाढलेल्या आहेत. त्यामुळे कोकराच्या मांसाचा दाट रस्सा, लसणाचे सूप, मसालेदार सॉसेज घालून तासन् तास शिजवलेला राजमा हे सगळे आमच्या ताटात येऊन गेले आहे आणि त्यांच्याबद्दल कधी दुमत झाले नाही. गेल्या सप्टेंबरात मात्र एका ब्रेडवरून तिघींचे मुळीच जमेना. तो मतभेद आणि तो सोडवताना आम्हाला जे कळत गेले, ते मी इथे नोंदवून ठेवत आहे.

ब्रेडचे नाव तिघींच्या तोंडी एकच होते : मेंढपाळांचा ब्रेड. वर्णने मात्र तीन होती. इंडिपेन्डन्स व्हॅलीतल्या एका रँचवर वाढलेल्या आणि आता ऐंशीच्या घरात असलेल्या बाईंना (मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणते) तो आंबटसर, खारट, जाड सालीचा आणि तळाशी करपलेला आठवत होता. १९५० च्या दशकात वडिलांबरोबर घोड्यावरून डोंगरातल्या मेंढपाळाच्या तळावर गेल्या की त्यांना तो खायला मिळे. एल्को गावात वाढलेली माझ्याच वयाची मैत्रीण म्हणाली की तिच्या आईच्या हातचा ब्रेड मऊ, गोडसर, लोण्याच्या वासाचा आणि घुमटासारखा फुगलेला असे. तिसऱ्या बाई विनेमकाच्या. त्यांची मावशी तिथल्या बास्क लोकांच्या एका खाणावळीत कामाला होती आणि शाळेच्या सुट्टीत त्या तिच्याकडे राहायला जात. त्यांच्या आठवणीतला ब्रेड लांबट, बाहेरून कडक आणि रश्श्यात बुडवून खाण्याजोगा होता.

मैत्रिणीने आईच्या कृतीने केलेला ब्रेड त्या शनिवारी टेबलावर आला, तो सगळ्यांनी आवडीने खाल्ला, पण आजी पहिल्या घासानंतर गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने त्या एवढेच म्हणाल्या, “छान झालाय. पण लोणी आणि साखर त्या माणसाला डोंगरात कुठून मिळणार?” हा प्रश्न आम्ही सोडून देऊ शकलो असतो. आजींच्या आवाजात दुखावलेपण होते, म्हणून सोडला नाही.

प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी तो मुलूख डोळ्यांपुढे आणावा लागतो. एल्को काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे ४४,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अडीचपटीहून अधिक. आणि २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ५४,००० च्या आत होती. रीनोहून एल्कोला जायला महामार्गाने साधारण साडेचारशे किलोमीटर पडतात, आणि वाटेत दोन्ही बाजूंना दिसते ते राखाडी-हिरव्या सेजब्रशच्या झुडपांचे माळरान आणि त्यापलीकडे उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगरांच्या रांगा. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम अडीचशे मिलिमीटर. अशा जमिनीत एका जागी थांबून मेंढ्या राखता येत नाहीत. हिवाळ्यात त्यांना खालच्या वाळवंटी खोऱ्यांत न्यावे लागते, वसंतात विणीसाठी पायथ्याशी आणावे लागते आणि उन्हाळ्यात बर्फ वितळेल तसतसे वर चढवावे लागते.

हे काम करणारे बहुतेक जण बास्क होते. स्पेन आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला त्यांचा देश. १८४९ नंतर कॅलिफोर्नियात सोन्याच्या मागे आलेल्यांत काही बास्क होते, त्यांतले बरेच जण दक्षिण अमेरिकेतून आले होते, आणि सोन्याने हात दिला नाही तेव्हा ते जनावरांकडे वळले. पेद्रो आणि बेर्नार्दो आल्तुबे हे दोघे भाऊ १८७० च्या दशकात इंडिपेन्डन्स व्हॅलीत आले आणि त्यांनी तिथे स्पॅनिश रँच उभे केले. आजींचे बालपण त्याच खोऱ्यात गेले. पुढे १८८९-९० च्या हिवाळ्यात इतके बर्फ पडले की उत्तर नेव्हाडात गुरांचे कळपच्या कळप मेले, आणि त्यानंतर कित्येक रँचवाल्यांनी मेंढ्यांचा मार्ग धरला. बास्क घरात शेत एकाच वारसाकडे जाई, त्यामुळे उरलेल्या मुलांना बाहेर पडणे भाग होते. त्यांतले अनेक जण गावी शेतकरी होते. हजार-दीड हजार मेंढ्यांमागे एकट्याने कसे चालायचे, हे ते इथे येऊनच शिकले.

एकट्याने, हा शब्द या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे. मी फलटणची. दिवाळीनंतर आमच्या घरावरून धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागत, तेव्हा घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड असे, बायका-पोरे असत, कोंबड्यासुद्धा असत, आणि संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापणारे कोणीतरी असे. नेव्हाडाच्या डोंगरात मेंढपाळाबरोबर असे त्याचे कुत्रे, एखादे खेचर आणि कळप. तळाला सामान पोचवणारा माणूस आठ-दहा दिवसांतून एकदा येई, आणि तेवढ्या काळात माणसाचा आवाज कानी पडे तो त्याचाच. एकटेपणाने डोक्यावर परिणाम झालेल्या मेंढपाळांसाठी या भागात वेगळा शब्दच होता, ‘सेजब्रश्ड’ : सेजब्रशने घेरलेला. ॲस्पेनच्या पांढऱ्या सालीवर त्यांनी चाकूने कोरलेली नावे, तारखा आणि चित्रे आजही उंच रानात दिसतात. झाड वाढते तशी ती अक्षरे काळी होऊन रुंदावत जातात. आजींच्या वडिलांकडे नऊ उन्हाळे काढलेल्या मेंढपाळाच्या कुत्रीचे नाव आजींना अजून आठवते. त्या माणसाचे आडनाव मात्र घरात कोणाच्याच लक्षात राहिलेले नाही, आणि हे सांगताना त्यांना फार वाईट वाटले.

या माणसाच्या खेचरावर काय असे, याची यादी आजींनी आम्हाला सांगितली : मैद्याचे पोते, राजमा, तांदूळ, बटाटे, कांदे, लसूण, खारवलेले डुकराचे मांस, कॉफी, डब्यातले दूध, डब्यातले टोमॅटो आणि थोडी लाल वाइन. लोणी उन्हाळ्यात टिकले नसते. साखर होती, पण ती कॉफीसाठी मोजून वापरायची. चरबी मिळे ती मांसाची. यीस्टच्या पुड्या त्या काळी दुकानात मिळू लागल्या होत्या, तरी हा माणूस जुन्या पद्धतीने मातीच्या बरणीत आंबवण ठेवत असे. प्रत्येक वेळी त्यातले थोडे शिल्लक ठेवून त्यात पीठ-पाणी घातले की ते पुढच्या खेपेला तयार. विरजण राखणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

आणि भांडे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव डच ओव्हन : बिडाचे जाड, खोल, सपाट बुडाचे पातेले, वर धरायला लोखंडी कडी, खाली तीन आखूड पाय, आणि वर निखारे ठेवले तरी ते घसरू नयेत म्हणून कडेला उभी किनार असलेले जड झाकण. जमिनीत खड्डा खणायचा, त्यात लाकूड जाळून निखारे करायचे, पीठ फुगलेले पातेले त्यात उतरवायचे, झाकणावर आणि बाजूंनी निखारे आणि माती ओढून घ्यायची आणि मेंढ्यांकडे निघून जायचे. परत येईपर्यंत ब्रेड तयार. ज्याला चुलीपाशी बसून राहायची सोय नाही, अशा माणसाने काढलेली ही रीत आहे.

ब्रेड एवढा मोठा का, हेही इथेच कळते. खड्डा खणणे, लाकूड गोळा करणे हा उद्योग रोज परवडणारा नव्हता, म्हणून एका भाजणीत तीन-चार दिवसांची बेगमी व्हायला हवी. शिवाय या मुलुखात हवा इतकी कोरडी आहे की कापलेला ब्रेड तासाभरात कडक होतो. दोन किलोच्या एका गोळ्याच्या जागी अर्ध्या-अर्ध्या किलोचे चार गोळे केले, तर वाऱ्याला लागणारा पृष्ठभाग दीडपटीहून अधिक होतो. मोठा गोल ब्रेड जास्त दिवस मऊ राहतो, आणि आंबवणाच्या आम्लतेमुळे त्याला बुरशीही उशिरा धरते.

मग लोणी-साखरेचा ब्रेड कुठून आला? त्याचा माग मैत्रिणीच्या आईने जपलेल्या एका कात्रणावरून लागला. एल्कोत १९६० च्या दशकापासून दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला राष्ट्रीय बास्क महोत्सव भरतो. त्यात लाकूड फोडण्याच्या आणि जड वजने वाहून नेण्याच्या शर्यती असतात, नाच असतो, आणि मेंढपाळी ब्रेडची स्पर्धाही असते. या स्पर्धेत जिंकलेल्या एल्कोच्या एका गृहिणीची कृती १९७६ साली ‘सनसेट’ या पश्चिमेकडच्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकाने छापली. तिथून ती पश्चिमेकडच्या राज्यांतल्या असंख्य स्वयंपाकघरांत गेली, आणि आज ‘मेंढपाळांचा ब्रेड’ म्हटले की बहुतेकांपुढे हीच कृती येते.

ती आम्ही मोजून घेतली. तीन कप कडक गरम पाणी, अर्धा कप लोणी, अर्धा कप साखर आणि अडीच चमचे मीठ एकत्र करून कोमट होऊ द्यायचे. त्यात कोरड्या यीस्टच्या दोन पुड्या घालून फेस येईपर्यंत ठेवायचे. मग साधारण साडेनऊ कप मैदा. आपल्या वजनांत सांगायचे तर जवळजवळ बाराशे ग्रॅम मैद्याला सातशे मिलिलिटर पाणी, एकशे दहा ग्रॅमच्या आसपास लोणी आणि शंभर ग्रॅम साखर. दहा मिनिटे मळायचे, दुप्पट फुगू द्यायचे, मग गोळा पाच क्वार्टच्या, म्हणजे पावणेपाच लिटरच्या डच ओव्हनमध्ये ठेवायचा. बुडाला ॲल्युमिनियम फॉइलची चकती, आतून सगळीकडे तेल, झाकणालाही आतून तेल. झाकण लावून दुसऱ्यांदा फुगायला ठेवायचे.

या कृतीतली पुढची खूण मला फार आवडली. फुगलेले पीठ झाकण आपोआप अर्धा इंच वर उचलते, तेव्हा ते भाजायला तयार झाले असे समजायचे. घड्याळ पाहायचे नाही, बोट रुतवून पाहायचे नाही. मी पहिल्यांदा हा ब्रेड केला तेव्हा ओट्याशी उभी राहून पाहत होते. चार-पाच किलोचे ते भांडे निश्चल असते, मग झाकण आणि कड यांच्यामध्ये एका बाजूला केसाइतकी फट दिसते, ती हळूहळू सगळीकडून उघडते, आणि तिच्यातून पिठाची पांढरी, ताणलेली कड डोकावते. १९० अंशांच्या ओव्हनमध्ये बारा मिनिटे झाकणासह आणि नंतर अर्धा तास झाकण काढून ते भाजायचे. माझ्या पहिल्या खेपेला मी झाकणाला तेल लावायला विसरले आणि ब्रेडची वरची साल झाकणाला चिकटून निघून आली. रीनोची उंची सुमारे तेराशे सत्तर मीटर आहे, इथे पीठ लवकर फुगते, हेही मी लक्षात घेतले नव्हते. ते अतिच फुगून नंतर खचले. दुसऱ्या खेपेला यीस्टची एकच पुडी घातली आणि पीठ नीट वर आले.

चव मैत्रिणीने सांगितली तशीच होती : मऊ, गोडसर, दाट, लोण्याची. पिठाच्या मानाने लोणी आणि साखर प्रत्येकी आठ-नऊ टक्के आहे. हा सणासुदीचा ब्रेड आहे, आणि तो ज्या घरांतून आला त्या घरांत दूध-लोणी होते, ओव्हन होता, हाताशी मुले होती. मेंढपाळ गावात स्थिरावला, त्याने लग्न केले, रँच किंवा दुकान किंवा खाणावळ काढली, तेव्हा त्याच्या बायकोने, मुलीने, शेजारणीने तोच ब्रेड घरच्या साधनांनी केला आणि जमेल तसा चविष्ट केला. त्यात लबाडी काही नाही, हे मला ठामपणे म्हणायचे आहे. तरीही आजींचा प्रश्न बरोबरच होता. नावातला माणूस या कृतीत नव्हता.

तो शोधायला आम्ही ऑक्टोबरात आजींच्या पुतण्याच्या रँचवर गेलो. पहिले बर्फ पडून गेले होते, त्यामुळे वणव्याची भीती नव्हती. उन्हाळ्यात या भागात असा विस्तव करणे धोक्याचे आहे आणि त्यावर बंदीही असते. मी आठवडाभर आंबवण तयार करून नेले होते. मैदा, पाणी, आंबवण, पिठाच्या दोन टक्के मीठ आणि चमचाभर डुकराची चरबी, बाकी काही नाही. रात्री मळून ठेवलेला गोळा थंडीमुळे सकाळी दहापर्यंत जेमतेम फुगला. पुतण्याने गुडघाभर खोल खड्डा खणला. सेजब्रशची झुडपे पेटवायला चांगली, भडकन जळतात, पण निखारा टिकत नाही. म्हणून वर माउंटन महोगनीचे ओंडके घातले. हे लाकूड इतके जड असते की त्याचा निखारा दगडी कोळशासारखा तासन् तास धगधगतो. दीड तासाने पातेले उतरवले, सव्वा तासाने बाहेर काढले.

ब्रेड तळाशी बोटभर जाडीचा करपला होता. मी थेट निखाऱ्यांवर पातेले ठेवले होते. मला वाईट वाटले. दोन दिवसांची मेहनत वाया गेली असे वाटले. आजींनी खिशातला चाकू काढला, करपलेला थर खरवडून टाकला, आतला तुकडा मोडून तोंडात घातला आणि त्या काही बोलल्याच नाहीत. मग त्यांनी सांगितले की मेंढपाळ असेच खरवडायचा, आणि खरवडलेली काळी पूड बुटाने मातीत ढकलायचा. ही गोष्ट त्यांना सत्तर वर्षांत आठवली नव्हती. चाकूचा आवाज ऐकून आठवली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या सल्ल्याने निखाऱ्यांवर चार बोटे राख आणि माती पसरून वर पातेले ठेवले. या खेपेला तळ गडद तपकिरी झाला, करपला नाही, आणि वरची साल तुकतुकीत झाली. जड झाकणाखाली पिठातलीच वाफ कोंडते, सुरुवातीची काही मिनिटे साल ओली राहते, त्यामुळे ब्रेडला फुगायला वाव मिळतो आणि पृष्ठभागावरचा स्टार्च शिजून चकाकी येते. खड्ड्यात भाजताना झाकण शेवटपर्यंत बंदच असते. घरच्या कृतीतली पहिली बारा मिनिटे हा त्याच खड्ड्याचा उरलेला अंश आहे.

भांड्यातून काढताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. या मुलुखात सांगतात की मेंढपाळ ब्रेड कापण्याआधी त्याच्या तळावर चाकूने क्रूस काढी आणि पहिला तुकडा आपल्या कुत्र्याला देई. तळावर का, असा प्रश्न मला कात्रण वाचल्यापासून पडला होता. गरम बिडाचे पातेले कडीला धरून आपण पालथे करतो तेव्हा ब्रेड उलटा पडतो, आणि समोर येतो तो त्याचा सपाट तळ. चाकू हातात असलेल्या माणसापुढे तीच बाजू असते. हे माझे अनुमान आहे. पण पातेले पालथे करून ब्रेड काढल्यावर मला दुसरे कारण शोधावेसे वाटले नाही.

विनेमकाच्या लांबट ब्रेडचा उलगडा त्या मानाने लवकर झाला. बाईंनी मावसबहिणीला फोन केला, तेव्हा कळले की खाणावळीतला ब्रेड रोज सकाळी गावातल्या बेकरीतून यायचा. बाईंना तो मेंढपाळांचा वाटला, कारण तो खाणारे मेंढपाळ होते. मात्र या खाणावळींबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण त्या नसत्या तर यांतला कोणताच ब्रेड आमच्यापर्यंत आला नसता. रेल्वेच्या गावांत त्या उभ्या राहिल्या. एल्कोचे स्टार हॉटेल १९१० साली बांधले गेले आणि त्याच्या भोजनगृहात आजही लांब टेबलांवर अनोळखी माणसांना शेजारी बसवून सूप, सॅलड, राजमा आणि मांस मोठ्या भांड्यांतून वाढतात. मेंढपाळाची पत्रे तिथे येत, हिवाळ्यात काम नसे तेव्हा तो तिथे राही, आजारी पडला तर डॉक्टरकडे नेणारे आणि त्याच्या वतीने इंग्रजी बोलणारे तिथले मालक-मालकीण असत. तीस-तीस माणसांचा स्वयंपाक तिथल्या बायका करत. गावाहून बोलावलेल्या कामकरी मुलींशी कितीतरी मेंढपाळांची लग्ने झाली. विनेमकाच्या बाईंच्या मावशीचेही तसेच झाले.

पुढे ही वाट अरुंद होत गेली. १९२४ च्या कायद्याने स्पेनमधून येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला १३१ माणसांवर आली. १९३४ च्या टेलर ग्रेझिंग ॲक्टने सरकारी कुरणांवर परवाना आणि स्वतःची जमीन आवश्यक केली, त्यामुळे जमीन नसलेला फिरता मेंढपाळ मालक संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर मेंढपाळ मिळेनात, तेव्हा १९५० च्या दशकात खास कायदे करून बास्क तरुणांना पुन्हा आणले गेले. आजींच्या आठवणीतला माणूस त्या शेवटच्या पिढीतला. आज नेव्हाडाच्या डोंगरात मेंढ्यांमागे चालणारे बहुतेक जण पेरूहून येतात. ते काय रांधतात, हे विचारायला आम्ही येत्या उन्हाळ्यात जाणार आहोत.

नोव्हेंबरच्या शनिवारी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात दोन्ही ब्रेड शेजारी ठेवले. आजींनी गोड ब्रेडचा तुकडा पुन्हा घेतला. त्या मैत्रिणीला म्हणाल्या, “तुझ्या आईने झाकण तेच ठेवलं, ते बरं केलं.” मला या प्रकरणात जे म्हणायचे आहे ते हेच आहे. पीठ फुगवण्याची रीत बदलली, चरबी बदलली, साखर आली, खड्डा जाऊन ओव्हन आला, हात बदलले. टिकले ते पातेले आणि त्याचे जड झाकण, आणि त्याने ब्रेडला दिलेला आकार. पदार्थाचे खरेपण आपण जिन्नसांच्या यादीत शोधतो आणि यादी जुळली नाही की त्याला खोटे ठरवतो. या ब्रेडची आठवण भांड्याने सांभाळली होती. आणि जे भांड्याला सांभाळता येत नाही, म्हणजे तो माणूस किती एकटा होता हे, ते कृतीबरोबर लिहून ठेवल्याशिवाय पुढे जात नाही.

म्हणून आमच्या कृतींच्या डब्यात आता एकाच नावाची दोन कार्डे आहेत. एकावर ‘एल्को, घरचा, १९७६’ असे लिहिले आहे आणि दुसऱ्यावर ‘इंडिपेन्डन्स व्हॅली, तळावरचा, १९५० चे दशक’. दुसऱ्या कार्डावर वजने माझ्या अक्षरात आहेत, खड्ड्याची खोली आणि राखेचा थर पुतण्याने सांगितल्याप्रमाणे आहे, मेंढपाळाचे पहिले नाव आणि त्याच्या कुत्रीचे नाव आजींनी घालायला लावले आहे. अगदी खाली त्यांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे : “खड्डा बुजवण्याआधी कॉफी ठेवावी. ब्रेड निघेपर्यंत माणूस थंडीत असतो.”